चेंडू घेऊन आलेले पाहुणे

आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी काही ऐतिहासिक लिहून द्यावे, अशी संपादक मंडळाने मला प्रेमाची आज्ञा केली. देवालय केव्हा उभे राहिले, घंटा कोणी दिली, कोणते फादर किती वर्षे होते, ही माहिती अन्य लेखांत येणारच आहे. तिची पुनरुक्ती करण्यापेक्षा दुसराच विषय मी घेतला आहे. काही वर्षांपूर्वी, जानेवारी महिन्यात, परदेशातून मिशनकार्यासाठी निघालेला तरुण मुलांचा एक फुटबॉल संघ पेण व रोहा येथे आपल्याकडे चार दिवस उतरला होता. तेव्हापासून जो विचार माझ्या मनात घोळत राहिला, तो वाचकांपुढे ठेवावा असे ठरविले. विषय पाहून कित्येकांस हसू येईल. ज्युबिलीच्या पुस्तकात चेंडूचे काय काम? परंतु पाहुणा, मग तो तोफ घेऊन येवो वा चेंडू घेऊन, हा आपल्या किनाऱ्याच्या इतिहासाचा फार जुना विषय आहे. शिवाय त्या चार दिवसांत यजमान या नात्याने माझ्या हातून एक चूक झाली. तिची कबुली द्यावयाचीच, तर ती या इतिहासाच्या ओघात द्यावी हे बरे.

रोह्यावरून वाहत जाणारी कुंडलिका जेथे समुद्रास मिळते, तेथे उत्तर तीरावर रेवदंडा व चौल आणि दक्षिण तीरावर कोर्लईचा डोंगर उभा आहे. या एका मुखातून आपल्या मुलखात किती पाहुणे शिरले याची गणती करणे कठीण. अरबस्तानाचे व इराणचे व्यापारी येथे घोडे उतरवीत. अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात याच चौल बंदरात उतरून वर देशावर गेला आणि आपल्या प्रवासाची हकीकत लिहून ठेवता झाला. त्यामागून पोर्तुगीज आले. १५०८ साली चौलच्या खाडीतच त्यांची मिसर व गुजरात येथील आरमाराशी झुंज होऊन त्यांच्या व्हाइसरॉयचा पुत्र पडला. पुढे १५२१ साली अहमदनगरच्या निजामशाहाने त्यांस किल्ला बांधण्याची परवानगी दिली. भटाला दिली ओसरी, आणि भट हातपाय पसरी, ही आपली म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. पन्नास वर्षांच्या आत त्याच निजामशाहीस त्या पाहुण्यास घराबाहेर घालविण्यासाठी चौलास वेढा घालावा लागला. १५७०-७१ सालचा तो वेढा फुकट गेला, आणि १५९४ साली समोरचा कोर्लईचा डोंगरही पोर्तुगिजांनी घेतला. १७३९ साली चिमाजीअप्पाने वसई घेतली तेव्हा हा पसारा आवरू लागला, व १७४० साली चौल मराठ्यांस देऊन पोर्तुगीज येथून निघून गेले.

आपल्या विश्वासाचे बीज याच गलबतांतून आले हे खरे, आणि त्याच गलबतांत दारूगोळा होता हेही तितकेच खरे. पहिली गोष्ट आम्ही सणासुदीस अभिमानाने सांगतो व दुसरी गिळून टाकतो. आमचे हिंदू व मुसलमान शेजारी मात्र दुसरी विसरलेले नाहीत, आणि त्यांनी विसरावे अशी अपेक्षा करण्याचा आम्हांस अधिकारही नाही. परंतु माझे लक्ष नेहमी तिसऱ्याच एका गोष्टीकडे वेधते. सत्ताधारी गेल्यावर मागे कोण राहिले? कोर्लई गावातील गरीब ख्रिस्ती कुटुंबे राहिली. त्यांच्याजवळ तोफ नव्हती, जहाज नव्हते, पाठीशी राजा नव्हता. माउंट कार्मेलच्या मातेचे देवालय आणि घरात बोलली जाणारी एक पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली एवढेच त्यांचे धन. त्या बोलीस ते 'नौ लिंग', म्हणजे आमची भाषा, असे म्हणतात, आणि ती आजतागायत बोलली जाते. कुंडलिकेच्या मुखाशी श्रद्धा टिकली ती पोर्तुगिजांच्या बुरुजांमुळे नव्हे. बुरुज ओस पडले. ती टिकली शेजाऱ्यांच्या परवानगीने, त्यांच्याच विहिरीचे पाणी पिऊन, त्यांच्याच बाजारात मासळी विकून.

प्रभू येशूने आपल्या बहात्तर शिष्यांस गावोगाव पाठविले त्या वेळी केलेला उपदेश संत लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात आहे. सेमिनारीत असताना मी तो पुष्कळदा वाचला, परंतु त्याचा रोख मला फार उशिरा उमगला. थैली नको, झोळी नको, वहाणाही नकोत. जे घर स्वागत करील त्याच घरी राहावे, घरे बदलीत फिरू नये, आणि पुढे जे वाढले जाईल ते खावे. सारांश, प्रभूने मिशनरी धाडला तो दाता म्हणून नव्हे, आश्रित पाहुणा म्हणून. ज्याच्या दारी तो जातो त्याच्या भाकरीवर त्याचे मिशन अवलंबून आहे. मग यजमान हा काही मिशनचा विषय किंवा लक्ष्य नव्हे, तो त्यातील अर्धा भागीदार आहे. आपल्या पेण तालुक्यातील गागोदे गावी १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे १९५१ पासून भूदानासाठी पायी हिंडले, रोज नव्या गावी मुक्काम करीत आणि मिळेल ते घेत. ते ख्रिस्ती नव्हते. तरी लूकचा तो अध्याय शिकवावयाचा झाला की मला प्रथम त्यांच्या पायांची आठवण होते, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

आता चेंडूकडे वळू. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर फुटबॉल कोणी आणला, याचे उत्तर पुष्कळांस ठाऊक नसते. गोव्यावर त्या वेळी राज्य पोर्तुगिजांचे, परंतु तेथे हा खेळ आला तो इंग्रजी बोलणाऱ्या एका कॅथॉलिक धर्मगुरूबरोबर. त्याचे नाव फादर विल्यम रॉबर्ट लायन्स. १८८३ साली तो हवापालटासाठी बार्देश महालातील शिवोली गावी येऊन राहिला. म्हणजे विजेता म्हणून नव्हे, कोणा बलाढ्य संस्थेचा प्रतिनिधी म्हणूनही नव्हे, प्रकृतीने थकलेला पाहुणा म्हणून. शापोरा नदीकाठच्या त्या गावातील मुलांस त्याने चेंडू खेळावयास शिकविले. १८८७ साली त्याने हडफडे येथे संत जोसेफ यांच्या नावाने इंग्रजी शाळा काढली, आणि तेथे पुस्तकांच्या जोडीने फुटबॉलही शिक्षणाचा भाग झाला. पुढे सेमिनारीतून बाहेर पडणाऱ्या तरुण धर्मगुरूंनी तो गावोगाव नेला. देवळासमोरचे पटांगण हेच मैदान होऊन बसले.

येथे यजमानांची कामगिरी विसरता कामा नये. लायन्ससाहेबाने चेंडू आणला खरा, पण त्यास राहावयास घर, पथ्याचे जेवण आणि खेळावयास मुले शिवोलीकरांनी दिली. भातकापणी झालेले शेत मोकळे करून देणारा शेतकरी कोण होता त्याचे नाव कोणत्याही पुस्तकात नाही, परंतु त्याच्यावाचून तो चेंडू लायन्ससाहेबाच्या पेटीतच राहिला असता. आणि गोवेकरांनी मिळालेल्या वस्तूस किती आपलेसे करून सोडले! पोटासाठी मुंबईस आलेले गोवेकर धोबीतलाव व माझगाव येथे आपापल्या गावच्या 'कुडी'त उतरत. एक मोठी खोली, भिंतीशी प्रत्येकाची पेटी, एका टोकास वेदी, आणि सायंकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाची रोझरी. जहाजावरून उतरलेला खलाशी असो वा नोकरीच्या शोधात आलेला नवखा पोरगा असो, गावचा माणूस म्हटला की त्यास पथारीपुरती जागा मिळावयाचीच. ज्यांस पाहुणचाराचे शास्त्र शिकावयाचे असेल त्यांनी या कुडींचा इतिहास अवश्य पाहावा. शिवोलीला लागूनच आसगाव आहे. तेथे जन्मलेल्या नेव्हिल डिसोझाने मुंबईच्या मैदानांवर नाव काढले आणि १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकट्याने तीन गोल करून हिंदुस्थानास ४-२ असा विजय मिळवून दिला. लायन्ससाहेब शिवोलीत उतरल्याला त्या वर्षी ७३ वर्षे झाली होती.

याच काळातील दुसरे उदाहरण अगदी विरुद्ध प्रकारचे आहे. सेसिल टिंडेल-बिस्को हा अँग्लिकन पंथाचा मिशनरी श्रीनगर येथे शाळा चालवीत असे. १८९१ साली त्याने मुंबईहून एक चामड्याचा फुटबॉल आपल्याबरोबर नेला. शाळेतील मुले बहुतेक काश्मिरी ब्राह्मणांची. ही वस्तू कशाची, असे त्यांनी विचारले. चामड्याची, असे कळताच, ती अपवित्र आहे, दूर न्या, असे ते म्हणाले. बिस्कोने ऐकले नाही. शिक्षकांच्या हाती काठ्या देऊन त्याने मुलांस मैदानावर नेले. लांब फेरन घातलेली, पायांत खडावा असलेली ती मुले गोलखांबांमध्ये उभी केली आणि खेळा म्हणून फर्माविले. काठ्या पुढे झाल्या तेव्हा खेळ सुरू झाला. इतक्यात चेंडू उसळून एका मुलाच्या तोंडावर आदळला. आता मी बाटलो, घरी मला कोण घेईल, म्हणून तो रडू लागला. त्यास पाण्यावर नेऊन तोंड धुवा, असे सांगून बिस्कोने खेळ पुढे चालविला. ही हकीकत त्याने स्वतःच मोठ्या खुशीत लिहून ठेवली आहे.

या गृहस्थाने काश्मिरात पुष्कळ चांगली कामे केली. पूर आला, पटकी आली, आग लागली की त्याची मुले धावून जात, विधवांची व मुक्या जनावरांची कड घेत. तेव्हा त्याच्यावर दगड टाकण्यास मी धजत नाही. अस्पृश्यतेच्या कल्पनेवर त्याने घाव घातला हेही एका अर्थी योग्यच. आम्ही ख्रिस्ती लोकांनी त्या मुलास हसू नये, कारण एकाच वेदीपुढे गुडघे टेकून पुढे लग्नाच्या पंक्तीस जातीजातीने निराळे बसणारे लोक आमच्याही समाजात होऊन गेले आहेत, आणि सोयरीक जुळविताना ते अद्याप दिसतात. परंतु काठीच्या धाकाने मैदानात उतरविलेल्या त्या रडणाऱ्या पोराचा विचार माझ्या मनातून जात नाही. लायन्स आणि बिस्को, दोघांनीही चेंडूच आणला. एकाने तो गावाच्या पायांपुढे ठेवला, दुसऱ्याने तोंडावर मारला.

तिसरी हकीकत बुटांची आहे, आणि तीच मला आपल्या पेण-रोह्याच्या गोष्टीपर्यंत आणून पोचविते. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्यास मोहन बागान या बंगाली संघाने ईस्ट यॉर्कशायर पलटणीच्या गोऱ्या शिपायांस २-१ असे हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. त्या अकरा गड्यांपैकी दहाजण अनवाणी खेळले. बूट घातलेला एकच, बचावास उभा असलेला सुधीर चॅटर्जी. तो ख्रिस्ती होता आणि पुढे रेव्हरंड झाला. या योगायोगाचा पुष्कळ अर्थ काढू नये हे मला समजते. तरी त्या काळच्या हिंदुस्थानात ख्रिस्ती माणूस म्हटला की बूट घातलेला माणूस, अशी जी समजूत होती, तिचे चित्र त्या मैदानावर उभे राहिले होते खरे. तथापि चॅटर्जी बूट घालून खेळला तो अनवाणी दहाजणांच्या बाजूने, हेही त्याच चित्रात आहे.

असो. आता आपल्याकडील चार दिवसांची हकीकत.

संघ येणार असे पत्र आले तेव्हा मला आनंदापेक्षा धास्ती अधिक वाटली. पंधरा-सोळा वर्षांची मुले, त्यांचे आईबाप सातासमुद्रापलीकडे, कोणास शेंगदाणा चालत नाही, कोणास दूध चालत नाही, अशी यादी अगोदर आलेली. परकीय पाहुणा आपल्या छपराखाली उतरला की चोवीस तासांच्या आत त्याची वर्दी सरकारास द्यावी लागते. प्रत्येक मुलाचा पासपोर्ट पाहून ते नमुने भरण्यात माझी एक अख्खी रात्र गेली. शिवाय २०१७ च्या ऑक्टोबरात नवी मुंबईस झालेल्या सतरा वर्षांखालील मुलांच्या फुटबॉल विश्वचषकाचे सामने आपल्यापैकी काही तरुणांनी पाहिलेले. माली, तुर्कस्तान, न्यूझीलंड, पॅराग्वे येथील मुले तेथे खेळली, आणि २५ ऑक्टोबरच्या उपान्त्य सामन्यात स्पेनने मालीस ३-१ असे हरविले. परदेशी संघ म्हणजे तसली हॉटेले, तसल्या गाड्या, तसला थाट, अशी कल्पना आमच्या कमिटीत कोणी मांडली, आणि खेदाची गोष्ट ही की ती मी मान्य केली.

मी बाहेरून आचारी आणला. पाव, उकडलेले बटाटे, अंडी, बाटलीतील पाणी, काटे-चमचे, सारी तजवीज आवारातच केली, व मुलांस कोणाच्याही घरी जेवावयास नेऊ नये असे मिस्सेनंतर जाहीर केले. हेतू वाईट नव्हता. मूल आजारी पडले तर त्याच्या मातापित्यांस मी काय तोंड दाखवू, ही चिंता होती. परंतु चिंतेच्या पोटात लाज दडलेली होती, हे मला पहिल्या सायंकाळी एका म्हाताऱ्या विधवा बाईने दाखवून दिले. तिने तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचे बिरडे करून पातेले फडक्यात बांधून आणले होते. आचाऱ्याने ते परत केले. ती माझ्याकडे आली आणि आवाज न चढविता म्हणाली, "फादर, ती पोरं माझ्याकडे जेवली असती तर माझं घर बाटलं असतं का त्यांचं पोट?" श्रीनगरच्या त्या मुलाची गोष्ट मी त्याच वर्षी तरुणांच्या सभेत सांगितली होती. चामड्याचा विटाळ मानणाऱ्यांस मी शहाणपण शिकविले, आणि माझ्याच धर्मग्रामातील एका बाईच्या भाकरीचा विटाळ मानला.

मी पातेले घेतले. एवढ्याने चूक धुऊन निघाली असे नाही. बाई माझ्याशी कित्येक महिने बेताचेच बोलत होती, आणि तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी पेणला मुलांस गाव दाखविण्याचा बेत होता. पेणला येऊन गणपतीचे कारखाने पाहिले नाहीत असा पाहुणा विरळा. आमच्या ओळखीच्या एका मूर्तिकाराने आग्रहाने बोलाविले. संघाबरोबर आलेले वडीलधारे गृहस्थ दारातच घुटमळले. मूर्ती घडतात तेथे मुलांनी शिरावे की नाही, हा त्यांचा प्रश्न. मी म्हटले, जो 'या, बसा' म्हणतो त्याच्या घरी जावे. पाहुण्यास जाताना आपला विश्वास दाराबाहेर काढून ठेवावा लागत नाही. ते आत आले. मूर्तिकाराने सर्वांस चहा दिला आणि मुलांच्या हातांत शाडूचा एक एक गोळा ठेवला. कोणी ससा केला, कोणी चेंडू केला. एका मुलाने मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्या कारागिराकडे पाहता पाहता आपला गोळा तसाच धरून ठेवला आणि अर्धा तास काहीच केले नाही.

त्याच दिवशी दुपारी रोह्यास सामना. कापणी झालेल्या शेतातील धसकटे शक्य तितकी उपटून मैदान केलेले. आमच्या बाजूस कोण? धाटावच्या कारखान्यांत नोकरीस आलेल्या गोव्याच्या, मंगळूरच्या, केरळच्या कुटुंबांतील मुले, स्थानिक आगरी व कोळी मुले, आणि डोंगराकडच्या वाडीतील चार कातकरी मुले. त्यांपैकी ख्रिस्ती निम्मेही नव्हते. सामन्यापूर्वी शेजारच्या गावातील एक वडील गृहस्थ मला बाजूस घेऊन म्हणाले, "फादर, तुमच्यावर भरवसा आहे म्हणून विचारतो. पोरं खेळायलाच आलीत ना?" हा प्रश्न मला बोचला, परंतु तो अन्याय्य नव्हता. कुंडलिकेच्या मुखावरील बुरुज त्या प्रश्नामागे उभे होते. मी त्यांस शब्द दिला. मग पाहुण्यांच्या म्होरक्याकडे गेलो, तर मध्यंतरात मुलांस बसवून उपदेशपर चार शब्द बोलण्याचा आणि छापील पत्रके वाटण्याचा त्यांचा बेत असल्याचे कळले. मी नको म्हटले. एक तर पर्यटक म्हणून परवाना घेऊन आलेल्या परकीयाने येथे धर्मप्रचार करावयाचा नसतो, हा देशाचा कायदा. पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटले असते. खेळावयास बोलाविलेल्या पोरांस खेळ थांबवून प्रवचन ऐकविणे म्हणजे जेवावयास बोलावून ताटापुढे कर्जाचा कागद ठेवणे होय. म्होरके नाराज झाले. एवढ्या लांबून आम्ही नुसता चेंडू लाथाडावयास आलो काय, असे ते म्हणाले. त्यांचे दुःख खरे होते. लोकांनी पैसे जमवून त्यांस पाठविले होते आणि परत जाऊन त्यांस हिशेब द्यावयाचा होता. मी त्यांस लूकच्या दहाव्या अध्यायाची आठवण दिली. त्यांनी ऐकून घेतले, पटले असे म्हणाले नाहीत.

पाहुण्यांनी आमच्या मुलांसाठी नव्या बुटांच्या पेट्या आणल्या होत्या. ते बूट सामन्यापूर्वीच वाटण्यात आले, छायाचित्रे निघाली, आणि आमची पोरे बूट घालून मैदानात उतरली. काय सांगावे! एरवी हरणासारखी धावणारी मुले चिखलात रुतलेल्या रेड्यांसारखी चालू लागली. माप कोणाचेही जमेना. पहिल्या पंधरा मिनिटांत चार गोल बसले. वाडीतील एक मुलगा मैदानाबाहेर येऊन बूट काढू लागला. मी कारण विचारले, तर म्हणाला, "बूट चांगला हाय फादर, पन त्यात चेंडू कलत नाय." त्याच्यामागून एकेकाने बूट काढून बांधावर ओळीने मांडले. खेळ बदलला. पाहुणे पुढेच राहिले, परंतु अंतर कमी होत गेले. शेवटी त्यांच्या दोन-तीन मुलांनीही, कोणी न सांगता, आपले बूट काढून त्या ओळीत ठेवले. धसकटांनी त्यांचे तळपाय सोलून निघाले, आमची मुले हसून लोळली, आणि त्यानंतर कोणाचे किती गोल झाले याचा हिशेब कोणी धरला नाही.

सायंकाळी पोपटी लावली. आचाऱ्यास मी दुपारीच पैसे देऊन निरोप दिला होता. पोपटी म्हणजे काय, हे आपल्या अलिबाग-पेण-रोह्याच्या माणसास सांगावयास नको, परंतु ही स्मरणिका मुंबईच्या व परगावच्या आप्तांच्याही हाती पडेल म्हणून लिहितो. थंडीत वाल भरले की मडक्यात भांबुर्ड्याचा पाला अंथरून त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ऐपतीप्रमाणे कोंबडी, असे थर देतात. तोंड पाल्याने दाबून मडके शेतात उपडे ठेवतात व भोवती गवत-पेंढा पेटवितात. पाणी नाही, तेल नाही. भांबुर्ड्याच्या वासानेच अर्धे जेवण होते. त्या रात्री पोपटी लावली ती मूर्तिकाराच्या भावाने व वाडीतील मुलांच्या बापांनी. मडके फोडून जे निघाले ते केळीच्या पानावर सर्वांनी हातांनी खाल्ले. शेंगा सोलण्यास पाहुण्यांस आमच्या मुलांनी शिकविले. एकाही मुलाचे पोट बिघडले नाही, हे मुद्दाम नमूद करतो. दुसऱ्या दिवसापासून दोघा-दोघांस घरोघर जेवावयास वाटून दिले. शेंगदाण्याची व दुधाची यादी मी प्रत्येक घरी स्वतः जाऊन वाचून दाखविली, आणि आपल्या बायाबापड्यांनी ती आचाऱ्यापेक्षा अधिक काटेकोरपणे पाळली.

जाण्याच्या सकाळी मराठी मिस्सा झाली. मुलांस एक शब्दही कळत नव्हता, तरी कोठे उठावे, कोठे गुडघे टेकावेत, हे त्यांस कळत होते. शांतीची देवाणघेवाण करण्याच्या वेळी त्या वृद्ध विधवेपुढे त्यांतील एका मुलाने हात जोडले. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटे मोडली. तो गोंधळून माझ्याकडे पाहू लागला. वेदीवरून मी काय सांगणार!

म्होरक्यांचे पुढे एक पत्र आले. त्यात सामन्याचा उल्लेख एका ओळीत होता. बाकी सारे पत्र पोपटी कशी लावतात, आणि भांबुर्ड्याचा पाला त्यांच्या देशात न मिळाल्यास दुसरे काय वापरावे, याची विचारणा करणारे होते. मी यथामती उत्तर धाडले. तसला सुवास देणारे दुसरे पान मला तरी ठाऊक नाही.

ते बूट आमच्या कचेरीतील लाकडी कपाटात ठेवले आहेत. दरवर्षी पावसाळा सरला की बाहेर काढून उन्हात मांडतो, आणि ज्यांचे पाय तोवर वाढले असतील ती मुले येऊन आपापल्या मापाचा जोड घेऊन जातात. या वर्षी दोन जोड उरले आहेत. मापाने ते फार मोठे आहेत.